ॲपमधली लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडत नाही, दोनदा उघडते किंवा दाबूनही काहीच होत नाही: समस्या निवारण

तक्रार बहुधा अशी येते. सोसायटीच्या हिशोबाच्या ॲपमध्ये ‘मिळकत कर भरा’ ही लिंक दाबली की महापालिकेचं पान ॲपच्याच विंडोत उघडतं. वर पत्त्याची पट्टी नाही, मागे जायचं बटण नाही. हिशोबावर परत यायचं तर ॲप बंद करून पुन्हा चालू करावं लागतं आणि अर्धवट भरलेली पावती जाते. दुरुस्ती होते, नवी आवृत्ती जाते. मग काही आठवड्यांनी मार्केट यार्डातल्या एखाद्या गाळ्यावरून फोन येतो की आता लिंक दाबली तर काहीच होत नाही. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये तीच लिंक दोन टॅबमध्ये उघडते. प्रत्येक वेळी वेगळा बग म्हणून नोंद होते आणि वेगळी ठिगळं लागतात.

मूळ मात्र एकच असतं. ॲपमध्ये बसवलेल्या ब्राउझरमधून लिंक बाहेर पडायला दोन वाटा आहेत आणि दुरुस्ती बहुधा एकाच वाटेवर झालेली असते. पहिली वाट म्हणजे त्याच विंडोत पान बदलणं: साधी लिंक, किंवा स्क्रिप्टने बदललेलं विंडो.लोकेशन. दुसरी वाट म्हणजे नवी विंडो मागणं: टार्गेट ब्लँक असलेली लिंक, विंडो.ओपन, कंट्रोल धरून केलेला क्लिक, माउसच्या मधल्या बटणाचा क्लिक. माणसाला दोन्हीकडे ‘लिंक दाबली’ एवढंच दिसतं, पण ब्राउझर इंजिन या दोन्हींसाठी वेगवेगळे इव्हेंट, म्हणजे ‘असं घडतंय’ अशा सूचना, ॲपला पाठवतं. वाड्याच्या दिंडी दरवाज्याला कुलूप लावलं आणि परसदार उघडंच ठेवलं, तसं हे होतं. वेबसाइटवाल्यांनी उद्या साध्या लिंकला टार्गेट ब्लँक जोडलं की ती पहिल्या वाटेवरून दुसऱ्या वाटेवर जाते आणि ॲपचा कोड न बदलताही बग परत येतो.

आधी दोष कुणाचा ते ठरवा

कोडला हात लावण्याआधी मशीन तपासा. विंडोजवर विंडोज आणि आर ही कळ एकत्र दाबा, एचटीटीपीएसपासून पूर्ण पत्ता लिहा आणि एंटर करा. तिथूनही ब्राउझर उघडला नाही तर दोष ॲपचा नाही. सेटिंग्जमध्ये ॲप्स, डीफॉल्ट ॲप्स इथे जाऊन डीफॉल्ट ब्राउझर पुन्हा निवडा. जुना ब्राउझर काढून टाकल्यावर ही नेमणूक कधी कधी लटकत राहते. लिनक्सवर टर्मिनलमधून एक्सडीजी-ओपन आणि पुढे पत्ता देऊन हेच तपासता येतं. मॅकवर टर्मिनलमध्ये ओपन ही आज्ञा पुरते.

तिथून उघडलं आणि ॲपमधून नाही, तर दोष ॲपचा. मग नेमकं काय होतंय ते शब्दाशब्दाने विचारून घ्या, कारण लक्षणावरून जागा बरीच अचूक कळते.

दाबून काहीच होत नाही: नवी विंडो मागणारा इव्हेंट कुणी हाताळलेलाच नाही, किंवा तो अडवला आहे पण पत्ता बाहेर पाठवायची ओळ चुकते आहे. क्यूट वेबइंजिन आणि मॅकवरचा डब्ल्यूके वेबव्ह्यू या ॲपमध्ये ब्राउझर बसवायच्या दोन्ही सोयींत हाताळणी नसली तर टार्गेट ब्लँकची लिंक गप्प बसते.

बाहेर उघडतं आणि ॲपमध्येही उघडतं: पत्ता बाहेर पाठवला, पण आतलं नेव्हिगेशन रद्द केलं नाही. किंवा रद्द केलं, पण उशिरा. हे दुसरं कारण फार वेळा नजरेतून सुटतं. हँडलर (इव्हेंट आल्यावर चालणारं फंक्शन) असिंक असेल, म्हणजे मधे अवेटवर थांबून उत्तराची वाट बघत असेल, आणि त्यात आधी सर्व्हरला विचारून किंवा सेटिंगची फाइल वाचून मग प्रिव्हेंट डीफॉल्ट (नेव्हिगेशन रद्द करणारी आज्ञा) बोलावलं असेल, तर पहिल्या अवेटलाच इंजिनाने ‘परवानगी आहे’ असं धरून पान लोड करायला घेतलेलं असतं. रद्द करायचा निर्णय हँडलर परतण्याआधी, त्याच दमात व्हायला हवा. परवानगी असलेल्या होस्टची (पत्त्यातल्या साइटच्या नावांची) यादी ॲप सुरू होतानाच मेमरीत आणून ठेवा.

दोन टॅब उघडतात: हँडलर दोनदा जोडला गेला आहे. बहुतेक ठिकाणी तो ‘पान लोड झालं’ या इव्हेंटच्या आत जोडलेला सापडतो, म्हणजे प्रत्येक रिफ्रेशला एक हँडलर वाढतो. तीन वेळा रिफ्रेश करून लिंक दाबा. टॅबची संख्या वाढत गेली तर निदान पक्कं.

बाहेर उघडतं, पण शेजारी एक कोरी विंडोही येते: नवी विंडो नाकारल्याचं इंजिनाला कळवलेलं नाही.

बाहेर उघडतं, पण पत्ता अर्धाच पोचतो: कुणीतरी सीएमडीच्या स्टार्ट आज्ञेतून ब्राउझर उघडतो आहे. तिथे अँपरसँड हे चिन्ह दोन आज्ञा वेगळ्या करतं, त्यामुळे पहिल्या पॅरामीटरनंतरचं सगळं तुटतं. पेमेंटच्या लिंकमध्ये रक्कम पोचते आणि बिल क्रमांक गायब होतो, हे याचंच रूप. ती वाट सोडा आणि ऑपरेटिंग सिस्टिमने दिलेली थेट सोय वापरा.

निर्णय एकाच फंक्शनमध्ये

दोन्ही वाटांवर वेगवेगळ्या अटी लिहू नका. एकच फंक्शन करा. त्याला पत्ता द्यायचा आणि त्याने तीनपैकी एक उत्तर द्यायचं: आत, बाहेर, नकार. दोन्ही वाटांचे हँडलर त्यालाच विचारतील. या एका बदलाने परत परत येणारे बहुतेक बग थांबतात, आणि नव्या होस्टची भर घालायची वेळ आली की एकाच जागी हात लावावा लागतो.

फंक्शनच्या आतला क्रम असा ठेवा. प्रथम पत्ता यूआरएल पार्सरमधून (पत्त्याचे भाग वेगळे करणाऱ्या कोडमधून) काढा. पार्स झाला नाही तर नकार. मग स्कीम, म्हणजे पत्त्याच्या सुरुवातीचा एचटीटीपीएससारखा भाग, बघा. एचटीटीपीएस असेल तर होस्ट तपासा: आपल्या यादीतला असला तर आत, नसला तर बाहेर. मेलटू (मेलची लिंक) आणि टेल (फोनची लिंक) बाहेर. साध्या एचटीटीपीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा. बाहेर पाठवलेलं बरं. बाकी सगळ्याला नकार.

शेवटची ओळ सैल सोडू नका. ‘आपलं नाही ते सगळं बाहेर’ असं लिहिलं, तर पानावर घुसलेली फाइल स्कीमची किंवा नेटवर्क शेअरची लिंकही ऑपरेटिंग सिस्टिमकडे जाते, आणि विंडोज ती फाइल सरळ चालवूही शकतं. ॲपमध्ये ग्राहकाने लिहिलेला शेरा, आलेली मेल किंवा बाहेरचं कुठलंही पान दिसत असेल तर हा धोका खराखुरा आहे. इलेक्ट्रॉन या वेब तंत्राने डेस्कटॉप ॲप बनवायच्या चौकटीच्या सुरक्षा सूचनांमध्ये अविश्वासू मजकुरावर ओपन एक्स्टर्नल (पत्ता बाहेर उघडणारं फंक्शन) वापरू नका असा स्वतंत्र मुद्दा आहे, तो याचसाठी.

होस्ट तपासताना अक्षरांची जुळणी करू नका. पत्ता ‘एक्झाम्पल.इन’ने सुरू होतो का असं बघितलं तर ‘एक्झाम्पल.इन.दुसरं.नेट’ आत येतं. शेवट बघितला तर ‘खोटंएक्झाम्पल.इन’ आत येतं. ‘एक्झाम्पल.इन’नंतर ॲट चिन्ह टाकून पुढे दुसरं नाव लिहिलं तर खरा होस्ट ते दुसरं नाव असतं. म्हणून पार्सरने दिलेलं होस्टनेम घ्या, आणि ते यादीतल्या नावाशी तंतोतंत जुळतं का, किंवा आधी टिंब असलेल्या यादीतल्या नावाने संपतं का, एवढंच तपासा. यादीत ‘.भारत’ शेवट असलेलं देवनागरी डोमेन ठेवत असाल तर लक्षात घ्या, पार्सर होस्ट प्युनीकोडमध्ये देतो, म्हणजे एक्स-एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारं रूप. यादीतली नावंही त्याच पार्सरमधून काढून साठवा, नाहीतर डोळ्यांना सारखं दिसणारं नाव कधीच जुळणार नाही.

इलेक्ट्रॉन

जुन्या उत्तरांमध्ये न्यू-विंडो हा इव्हेंट सापडतो. तो १३व्या आवृत्तीत कालबाह्य ठरला आणि २२व्या आवृत्तीत काढून टाकला. इलेक्ट्रॉन अपडेट केल्यावर ‘कालपर्यंत चालत होतं’ अशी तक्रार आली तर आधी हे शोधा. आता सेटविंडोओपनहँडलर वापरायचा. त्यात निर्णय फंक्शनला विचारा, उत्तर ‘बाहेर’ असेल तर शेल.ओपनएक्स्टर्नल बोलवा, आणि ॲक्शन म्हणून डिनाय परत करा. त्याच विंडोत पान बदलणाऱ्या पहिल्या वाटेसाठी विल-नेव्हिगेट ऐका आणि उत्तर ‘आत’ नसेल तर प्रिव्हेंट डीफॉल्ट.

दोन्ही हँडलर मुख्य विंडोला नका जोडू. ॲपच्या वेब-कंटेंट्स-क्रिएटेड या इव्हेंटमध्ये जोडा, म्हणजे वेबव्ह्यू टॅग आणि नंतर तयार होणाऱ्या विंडोही आपोआप त्यात येतात. प्रत्येक वेबकंटेंट्ससाठी हा इव्हेंट एकदाच येतो, त्यामुळे दोन टॅबचं दुखणंही इथेच संपतं.

विल-नेव्हिगेट कधी येत नाही तेही माहीत हवं. लोडयूआरएलने तुम्हीच पान उघडलं तर येत नाही. हॅश बदलला किंवा पुशस्टेटने पान बदललं तरी येत नाही. आयफ्रेमच्या आतल्या नेव्हिगेशनसाठी विल-फ्रेम-नेव्हिगेट वेगळा आहे, आणि सर्व्हरकडून होणाऱ्या रीडायरेक्टसाठी विल-रीडायरेक्ट.

प्रीलोड स्क्रिप्टमधून शेल बोलावणारा जुना कोडही तपासा. २०व्या आवृत्तीपासून रेंडरर (पान दाखवणारी प्रोसेस) मुळातच सँडबॉक्समध्ये, म्हणजे मर्यादित परवानग्यांत, असतो आणि तिथे शेल मिळत नाही. पत्ता आयपीसीने (प्रोसेसमधल्या संदेशाने) मुख्य प्रोसेसकडे द्या आणि तपासणी तिथेच करा. रेंडररने ‘हा ठीक आहे’ म्हटलं तर त्यावर विसंबू नका. ओपनएक्स्टर्नल प्रॉमिस परत करतं. त्याला कॅच लावला नाही तर अपयश कुठेच दिसत नाही आणि लक्षण उरतं फक्त ‘काहीच होत नाही’.

वेबव्ह्यू२

विंडोज ॲपमध्ये बसवायच्या मायक्रोसॉफ्टच्या या ब्राउझरमध्येही दोन इव्हेंट: न्यूविंडोरिक्वेस्टेड मध्ये हँडल्ड खरं करायचं, नेव्हिगेशनस्टार्टिंग मध्ये कॅन्सल खरं करायचं. पहिला हाताळला नाही तर वेबव्ह्यू२ स्वतःची एक छोटी विंडो उघडतं. ग्राहक ‘वेगळाच ब्राउझर उघडला’ म्हणतात ती हीच. हँडलर जोडायची जागा कोअरवेबव्ह्यू२ तयार झाल्यानंतरची, म्हणजे एन्शुअरकोअरवेबव्ह्यू२असिंक पूर्ण झाल्यावर आणि पहिलं पान लोड करण्याआधी. कन्स्ट्रक्टरमध्ये ती वस्तू नल असते.

इव्हेंटबरोबर इजयूजरइनिशिएटेड आणि इजरीडायरेक्टेड येतात. त्यांचा उपयोग करा. माणसाने दाबलेली लिंक बाहेर पाठवणं आणि पान स्वतःच पुढे जात असताना त्याला मधेच उचलून बाहेर टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूपीआय किंवा इतर ॲपच्या खास स्कीमसाठी लाँचिंगएक्स्टर्नलयूआरआयस्कीम हा वेगळा इव्हेंट आहे.

डॉटनेटवाल्यांचा नेहमीचा अडथळा वेगळाच. डॉटनेट फ्रेमवर्कमध्ये प्रोसेस.स्टार्टला नुसता पत्ता दिला की ब्राउझर उघडायचा. डॉटनेट कोअर आणि ५ पासून पुढे तीच ओळ ‘फाइल सापडत नाही’ असं अपवाद फेकते, कारण यूजशेलएक्झिक्यूटचं मूळ मूल्य आता खोटं आहे. प्रोसेसस्टार्टइन्फो तयार करून ते खरं करा. प्रकल्प नव्या डॉटनेटवर नेल्यानंतर बिघडलेल्या लिंकांमध्ये सर्वांत आधी हेच तपासावं.

क्यूट, सीईएफ आणि मॅक

क्यूट वेबइंजिनमध्ये पहिली वाट पेजच्या ॲक्सेप्टनेव्हिगेशनरिक्वेस्टमध्ये अडवायची. मुख्य फ्रेम असेल, प्रकार लिंकक्लिक्ड असेल आणि निर्णय ‘बाहेर’ असेल, तर क्यूडेस्कटॉपसर्व्हिसेसच्या ओपनयूआरएलला पत्ता द्या आणि फॉल्स परत करा. मुख्य फ्रेमची अट विसरलात तर पानातल्या आयफ्रेमही बाहेर फेकल्या जातात. क्यूट ६.२ पासून न्यूविंडोरिक्वेस्टेड हा सिग्नल आहे आणि त्यात मागितलेला पत्ता मिळतो. क्यूट ५ मध्ये क्रिएटविंडोला पत्ताच दिला जात नाही. तिथे तात्पुरतं पेज परत करा, त्याच्या ॲक्सेप्टनेव्हिगेशनरिक्वेस्टमध्ये पत्ता पकडा, फॉल्स परत करा आणि ते पेज डिलीटलेटरने मोडीत काढा. पायथनमधून क्यूट वापरत असाल तर पेजचा संदर्भ वर्गात धरून ठेवा, नाहीतर पायथन ते मेमरीतून काढून टाकतं आणि तुमचा हँडलरही त्याच्याबरोबर जातो. लिंकक्लिक्ड सिग्नल आणि लिंक डेलिगेशन सांगणारी जुनी उत्तरं क्यूट वेबकिटच्या काळातली आहेत. वेबइंजिनमध्ये ती सोय नाही.

सीईएफमध्ये (क्रोमियम ब्राउझर ॲपमध्ये बसवायच्या चौकटीत) ऑनबिफोरपॉपअप, ऑनबिफोरब्राउझ आणि ऑनओपनयूआरएलफ्रॉमटॅब अशा तीन जागा आहेत. कंट्रोल किंवा मधल्या बटणाचा क्लिक तिसऱ्या जागी येतो. तिन्हींत रद्द करायचं तर ट्रू परत करतात. क्यूटमध्ये नकार म्हणजे फॉल्स, सीईएफमध्ये नकार म्हणजे ट्रू. एकीकडचा कोड दुसरीकडे नेताना हे उलटं राहतं.

मॅकवर टार्गेट ब्लँकच्या लिंकला टार्गेटफ्रेम निल असते. डिसाइडपॉलिसीमध्ये तेवढं ओळखून एनएसवर्कस्पेसकडे पत्ता द्यायचा आणि कॅन्सल करायचं.

लिनक्सवर ॲपइमेज किंवा पायइन्स्टॉलरने बांधलेलं ॲप असेल तर वेगळी भानगड होते. ॲपने स्वतःसाठी बदललेला एलडी लायब्ररी पाथ ब्राउझरलाही वारशाने मिळतो आणि ब्राउझर चुकीच्या लायब्ररी उचलून उघडतानाच पडतो. बाहेरची प्रोसेस सुरू करताना तो मूळ मूल्यावर आणा. पायइन्स्टॉलर मूळ मूल्य त्याच नावापुढे ओरिग लावून जपून ठेवतो.

मराठी मजकूर आणि लांबीची मर्यादा

‘बिल व्हॉट्सॲपवर पाठवा’ आणि ‘मेल करा’ ही बटणं इंग्रजी मजकुराने चाचणीत पास होतात आणि लक्ष्मी रोडच्या दुकानात मराठी मजकुराने अडतात. कारण मोजता येतं. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि पत्त्यात प्रत्येक बाइट टक्का चिन्हासह ३ अक्षरांचा होतो. म्हणजे एका चिन्हाला ९ अक्षरं, आणि काना, मात्रा, वेलांटी ही स्वतंत्र चिन्हं. ‘पुणे’ या शब्दाची ४ चिन्हं आणि पत्त्यातली ३६ अक्षरं. विंडोजवर इलेक्ट्रॉनच्या ओपनएक्स्टर्नलची मर्यादा २०८१ अक्षरांची आहे, म्हणजे सगळं मिळून साधारण २३१ देवनागरी चिन्हं. नमस्कार, दुकानाचं नाव, रक्कम, तारीख आणि आभार लिहिले की तेवढी सहज भरतात.

उपाय: मजकूर सर्व्हरवर ठेवा आणि संदेशात बिलाची छोटी लिंक द्या. सर्व्हर नसेल तर मजकूर क्लिपबोर्डवर टाका, ‘मजकूर कॉपी झाला आहे, चिकटवा’ असं सांगा आणि नुसता व्हॉट्सॲप उघडा. चाचणीत पूर्ण मराठी संदेशच वापरा.

याच ठिकाणी आणखी दोन चुका होतात. आधीच एन्कोड झालेला पत्ता पुन्हा एन्कोड केला तर टक्का चिन्हाचं टक्का-२५ होतं आणि ग्राहकाच्या नावाऐवजी टक्क्यांची रांग दिसते. मेलटूमध्ये जागेसाठी अधिक चिन्ह गेलं तर विषयात ‘बिल+क्रमांक+४२’ असं उमटतं, कारण मेलटूमध्ये अधिक म्हणजे अधिकच. तिथे टक्का-२० लागतं. जावाचा यूआरएलएन्कोडर आणि जावास्क्रिप्टचा यूआरएलसर्चपॅराम्स दोन्ही अधिक चिन्ह देतात.

यूपीआयची लिंक डेस्कटॉपवर बाहेर पाठवून उपयोग नाही. ती स्कीम फोनमधली ॲप उचलतात. संगणकावर ती उघडणारं सहसा कुणी नसतं. तिथे क्यूआर कोड दाखवा.

जे बाहेर पाठवायचंच नाही

ब्लॉब पत्ता. पानाने तयार केलेलं पीडीएफ बिल ब्लॉब म्हणून त्याच ब्राउझरच्या मेमरीत असतं, बाहेरच्या ब्राउझरला ते मिळूच शकत नाही. फाइल डिस्कवर उतरवा आणि मग फाइल म्हणून उघडा.

पोस्ट फॉर्म. पेमेंट गेटवेकडे जाणारा फॉर्म टार्गेट ब्लँक असला की नव्या विंडोची मागणी होते, पण बाहेर फक्त पत्ता जातो, फॉर्ममधला मजकूर जात नाही. इलेक्ट्रॉनच्या हँडलरमध्ये पोस्टबॉडी दिसली तर ॲपच्याच विंडोत परवानगी द्या, किंवा सर्व्हरकडून एकदाच चालणारी लिंक घ्या.

लॉगिन लागणारी पानं. ॲपमधल्या कुकी बाहेरच्या ब्राउझरकडे नसतात, त्यामुळे ‘माझी बिलं’ बाहेर पाठवलं की पुन्हा पासवर्ड मागितला जातो. काही मिनिटांत संपणारं, एकदाच चालणारं टोकन पत्त्याला जोडा.

आतच सुरू झालेलं लॉगिन. कंपनीच्या खात्याने लॉगिन करताना पान दोन-तीन होस्टवरून फिरून येतं. त्यातला एक यादीत नसला की ते मधेच बाहेर उडतं आणि ॲप वाट बघत बसतं. गूगल खात्याचं उलट: ३० सप्टेंबर २०२१ पासून गूगलने ॲपमध्ये बसवलेल्या ब्राउझरमधून लॉगिन बंद केलं आहे, आणि तिथे ‘डिसअलाउड यूजरएजंट’ अशी चूक दिसते. यूजर एजंट बदलून ती चुकवू नका. ॲपमधल्या लॉगिनचा मानक दस्तऐवज आरएफसी ८२५२ हेच सांगतो: लॉगिन बाहेरच्या ब्राउझरमध्ये सुरू करा, पीकेसीई (लॉगिनचं उत्तर दुसऱ्याला वापरता येऊ नये म्हणूनची जोडतपासणी) वापरा आणि उत्तर १२७.०.०.१ वरच्या तात्पुरत्या पोर्टवर परत घ्या.

विंडो.ओपन रिकाम्या पत्त्याने. काही साइट आधी कोरी विंडो उघडतात आणि पत्ता नंतर भरतात. तुमच्या हँडलरला अबाउट ब्लँक दिसतं; नाकारलं तर स्क्रिप्टला नल मिळतं आणि पान तिथेच पडतं. अशा वेळी लपवलेली विंडो उघडू द्या, तिची पहिली खरी नेव्हिगेशन पकडा, निर्णय घ्या आणि तिला बंद करा.

चाचणीचं पान

ॲपबरोबर एक स्थानिक पान ठेवा आणि त्यावर या सगळ्या लिंका लिहा: आतली साधी, बाहेरची साधी, दोन्ही टार्गेट ब्लँकसह, विंडो.ओपन, सेटटाइमआउटनंतरचा विंडो.ओपन, लोकेशन बदलणारं बटण, आयफ्रेमच्या आतली, रीडायरेक्ट होणारी, पूर्ण मराठी मजकुराचं मेलटू, ब्लॉब, फाइल स्कीम, आणि ॲट चिन्हाचा फसवा पत्ता. प्रत्येक लिंक डाव्या क्लिकने, कंट्रोल धरून आणि मधल्या बटणाने दाबा. नंतर पान दोनदा रिफ्रेश करून पहिल्या चार पुन्हा दाबा. इंजिनाची आवृत्ती बदलली की हे पान सगळ्यांत आधी चालवा.

निर्णय फंक्शनमध्ये एक ओळ लॉग करा: कुठल्या वाटेने आलं, स्कीम, होस्ट, उत्तर. ग्राहकाकडून ही एक ओळ मिळाली की निम्मं निदान फोनवरच होतं. पत्त्यातला प्रश्नचिन्हापुढचा भाग मात्र लॉगमध्ये जाऊ देऊ नका. तिथे टोकन असतात, ग्राहकांचे फोन नंबर असतात, आणि लॉगची फाइल मेलवरून कुणाकुणाच्या हातात जाते ते आपल्या ताब्यात नसतं.